पुस्तकात काय होतं?

रविवारचा खेळ आटोपून मंडळी निघाली तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता आणि कोणाची छत्री कोणती यावरून दारात गोंधळ चालला होता. भाचीचा मित्र एक सँडल पायात आणि दुसरी हातात अशा अवस्थेत थबकला आणि म्हणाला, “मावशी, पण पुस्तकात खरं काय होतं? म्हणजे आम्ही नेमकं काय करायला हवं होतं?” “असं काही नसतं रे,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. त्याला ते पटले नाही, आणि न पटण्याला सबळ कारण होते. दुपारभर माझ्यासमोर पुस्तक उघडे होते, मी मधूनमधून त्याची पाने चाळत होते, कुठे काय आहे ते वाचून सांगत होते. आणि तरीही माझ्याकडे उत्तर नव्हते, यावर कोणता शहाणा मुलगा विश्वास ठेवील? तो खाली गेला, त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तरी तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा, टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ मी बरीच वर्षे चालवत आले आहे, आणि सरावलेल्या खेळाडूंपेक्षा पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी तो चालवायला मला अधिक आवडते. या वेळी टेबलाशी चौघे होते: अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली भाची, तिच्या वर्गातला हा मित्र, शेजारचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका, आणि केवळ चहा-पोह्यांची व्यवस्था पाहायला आलेली माझी ताई, जिला आम्ही जवळजवळ हात धरून खुर्चीत बसवले. खेळाची ओळख करून देताना मी फार बोलत नाही. तुमच्या पात्राला काय दिसते, काय ऐकू येते ते मी सांगणार. पात्र काय करते ते तुम्ही सांगणार. आणि एखादी गोष्ट साधेल की फसेल याची खरोखरच शंका असेल, तेव्हा वीस बाजूंचा फासा टाकायचा. एवढ्या शिदोरीवर पहिला दिवस निघतो. बाकीचे नियम नियमांच्या पुस्तकात असतात आणि पहिल्या दिवशी ते तिथेच बरे असतात.

कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, मात्र मी पहिला अर्धा तास उलटे करून ठेवायला सांगते. त्या कागदावर ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा मुख्य गुण, त्यांच्याखाली अठरा कौशल्ये, शेजारी चिलखताचा आकडा, हिट पॉइंट म्हणजे पात्रात किती जीव उरला त्याचा आकडा, शस्त्रे आणि मंत्र असा सगळा पसारा असतो. नवख्या माणसाच्या हाती तो एकदा पडला की त्याची नजर वर उठत नाही. समोर ओढ्याच्या पलीकडे कोणीतरी रडते आहे असे तुम्ही सांगता आणि तो कागदावर बोट फिरवत “याच्यासाठी कुठलं स्किल लागेल?” असे विचारतो. रडणाऱ्याकडे जावेसे वाटते का, हा आधीचा प्रश्न त्याच्या मनात येतच नाही. काकांना हे कागद उलटे ठेवणे मुळीच रुचले नाही. आयुष्यभर नकाशे आणि मोजमापे यांच्यात वावरलेल्या माणसाला ‘आकडे नंतर’ असे सांगणे हा एक प्रकारे अपमानच असतो, आणि त्यांनी तो हसत हसत पण स्पष्टपणे बोलून दाखवला.

मग येतो तो क्षण, ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप करते आणि ज्याची मला आजही थोडी धास्ती वाटते. वर्णन संपते, मी विचारते, “तर मग, तुम्ही काय करता?” आणि कोणीच काही बोलत नाही. पंख्याची घरघर ऐकू येते, कोणीतरी बशीतला शेवटचा दाणा टिपते, चौघेही एकमेकांकडे आणि मग माझ्याकडे पाहतात. या शांततेत माझ्या तोंडाशी पर्याय येऊन थांबलेले असतात: झाडीत शिरून पाहा, नाहीतर परत फिरा, नाहीतर हाका मारा. ते एकदा उच्चारले की सगळे सुटल्यासारखे होतात आणि तीनांतला एक निवडून मोकळे होतात, आणि पुढे दुपारभर दर वेळी माझ्या तोंडाकडेच पाहत राहतात. आपल्यापैकी बहुतेकांचे सारे शिक्षण चार पर्यायांतून एक रंगवण्यात गेलेले असते. पाचवा पर्याय स्वतः लिहायचा असतो हे आपल्याला कोणी कधी सांगितलेलेच नसते. म्हणून मी गप्प बसते. अर्थात काही माणसे खरोखरच गोठतात, आणि त्यांना तशा अवस्थेत ताटकळत ठेवणे हा दुष्टपणा आहे. अशा वेळी मी प्रश्न लहान करते. काय करतोस असे न विचारता, तुझा हात आत्ता कुठे आहे, तू गाडीत बसला आहेस की चालतो आहेस, पायात काय आहे, असे विचारते. हाताचे उत्तर कोणालाही देता येते, आणि हात कुठे आहे ते ठरले की माणूस तो हलवतोही.

त्या दिवशी आम्ही २०१४ साली आलेल्या स्टार्टर सेटमधल्या, म्हणजे नवख्यांसाठीच्या पेटीतल्या, साहसाच्या पुस्तकाची सुरुवात खेळत होतो. जगभरातल्या असंख्य टेबलांवर खेळ इथूनच सुरू झालेला आहे. दोन बैलांची मालगाडी घेऊन पात्रे एका दूरच्या गावाकडे निघालेली असतात. वाटेत रस्ता अडवून दोन घोडे मरून पडलेले दिसतात, अंगात काळ्या पिसांचे बाण रुतलेले. आणि दोन्ही बाजूंच्या दाट झाडीत चार गॉब्लिन, म्हणजे बुटके, लुटारू राक्षस, दबा धरून बसलेले असतात. पुस्तकाची अपेक्षा अशी असते, की कोणीतरी घोड्यांजवळ जाऊन पाहील, गॉब्लिन तुटून पडतील, लढाई होईल. सराईत खेळाडू मेलेले घोडे हे शब्द ऐकताच तलवारीला हात घालतात. ताईने विचारले, “म्हणजे हे असेच रस्त्यात पडून राहणार?” मी म्हटले, हो, कालपासून पडले असावेत. ती म्हणाली, “मग आधी पुरू या त्यांना. असं टाकून कसं जायचं?”

भाचीने कपाळाला हात लावला. मित्राने माझ्याकडे पाहिले. हे चालते का, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. आणि काकांनी, ज्यांनी गाडीतल्या सामानाची यादी मी वाचून दाखवताना गुपचूप टिपून घेतली होती, वही उघडून जाहीर केले, “गाडीत फावडी आहेत. कुदळीही आहेत. खाणीचं सामान आहे ना.” खरेच होती. पुस्तकात ती यादी केवळ माल कोणता हे कळावे म्हणून दिलेली आहे: पिठाची पोती, खारवलेल्या मांसाची पिंपे, फावडी, कुदळी, पहारी, कंदिलाचे तेल. त्या यादीतली फावडी रस्त्याकडेच्या मातीत घालायला निघालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पुढची वीस-पंचवीस मिनिटे आमच्या दिवाणखान्यात खड्ड्याची चर्चा झाली. दोन घोड्यांना किती खोल खणावे लागेल, माती मुरमाड आहे की काळी, पाणी लागेल का, बैलांना दोर बांधून ओढता येईल का. काकांचे वय त्या अर्ध्या तासात बरेच कमी झाले. मी सांगितले की ओढा जवळ आहे, तेव्हा खाली ओल लागते. ते म्हणाले, मग ओढ्यापासून दूर, चढाच्या बाजूला खणू, पावसाळ्यात वाहून जायला नको.

मी मात्र मनात वेगळ्याच विवंचनेत होते. झाडीत चार गॉब्लिन बसले आहेत आणि त्यांना हे सारे दिसते आहे. ते काय करतील? पुस्तक याविषयी मौन बाळगते आणि ते योग्यच आहे, कारण घोडे पुरणाऱ्या प्रवाशांची तजवीज करणारे पुस्तक कोणी लिहू लागले तर ते कधी संपणार नाही. मी एवढाच विचार केला, की हे चौघे भुकेले आहेत, आणि दोन घोड्यांचे मांस त्यांच्या डोळ्यांदेखत मातीआड चालले आहे. पहिल्या घोड्यावर माती पडू लागली तेव्हा त्यांच्यातल्या सर्वांत लहान गॉब्लिनला ते सहन झाले नाही आणि तो बाण-बिण विसरून, हात वर करून, ओरडत बाहेर धावत आला. टेबलावर एकदम हलकल्लोळ झाला. नियमांविषयी बोलताना ही मंडळी इंग्रजीत शिरतात. गॉब्लिन धावत आला तेव्हा मात्र चौघेही एका सुरात शुद्ध मराठीत किंचाळले. ताईने त्याला फावड्यानेच अडवले. तलवार तिच्या कमरेला होती. ती उलट्या ठेवलेल्या कागदावर लिहिलेली होती आणि ताईला तिचा पत्ताच नव्हता.

त्यानंतरची लढाई पुस्तकातल्यासारखीच झाली आणि तिच्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. तिच्यातली एकच गोष्ट सांगते. उरलेल्या तिघांनी झाडीतून बाण सोडले, आणि एक बाण भाचीच्या मित्राच्या विझर्डला, म्हणजे त्याच्या जादूगार पात्राला, लागला. त्याच्याकडे सारे आठ हिट पॉइंट होते. गॉब्लिनच्या बाणाचे नुकसान म्हणजे सहा बाजूंच्या फाशाचा आकडा अधिक दोन. मी तो फासा सर्वांसमोर टाकला आणि सहा पडले. पहिल्याच बाणाला विझर्ड कोसळला. मुलाचा चेहरा पडला, भाची माझ्याकडे ‘मावशी, काहीतरी कर ना’ अशा नजरेने पाहू लागली. पुष्कळ अनुभवी डीएम, म्हणजे माझ्यासारखे खेळ चालवणारे, पुठ्ठ्याचा आडपडदा मांडून त्याच्यामागे फासे टाकतात, आणि नवख्यांच्या बाबतीत तर तो पडदा हवाच असे आग्रहाने सांगतात: सहाचे तीन करावेत, पोराचा पहिलाच दिवस आहे, त्याला खेळू द्यावे. या सल्ल्यामागची माया मला कळते. तरी मी नवख्यांबरोबर खेळताना पडदा लावतच नाही. फासा उघड्यावर पडतो तेव्हा माझा चेहराही त्यांना दिसतो, आणि मलाही धक्का बसलेला दिसतो. काय होणार हे मलाही ठाऊक नाही, याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

कोसळलेल्या पात्राला आपल्या पाळीच्या सुरुवातीला वीसचा फासा टाकावा लागतो. दहा किंवा अधिक पडले तर एक यश, कमी पडले तर एक अपयश, आणि तीन यशे किंवा तीन अपयशे, यांपैकी जे आधी पुरे होईल त्यावर जगणे-मरणे ठरते. मुलाने टाकला, सात पडले. पुढची पाळी काकांच्या क्लेरिकची, म्हणजे जखमा भरून काढणाऱ्या पुजारी पात्राची, होती, त्यांनी धावत जाऊन मंत्र म्हटला आणि त्याला उठवले. “उठ, अजून दुसरा घोडा राहिलाय,” हे शब्द त्यांचे स्वतःचे. मधल्या वेळात भाचीची चोरटी नायिका झुडपाआडून बाण मारत होती. लपून मारल्यास दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा असतो हे समजल्यावर काकांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला हिशेब मांडला. तिच्या नेमाचे पाच मिळवून गॉब्लिनच्या चिलखताचा आकडा, पंधरा, गाठायचा, म्हणजे फाशावर दहा किंवा अधिक हवेत, म्हणजे पंचावन्न टक्के. दोन फाशांनी ते होतात ऐंशीला पाव टक्का कमी. “मग लपल्याशिवाय मारायचंच कशाला?” असे त्यांनी विचारले, आणि नियम न वाचता ते नियमांच्या गाभ्याशी येऊन पोहोचले. त्यांचे शीट मी स्वतः सुलटे करून दिले.

या खेळाचा वंश युद्धाच्या सरावातून आला आहे. १८२४ मध्ये राइसविट्झ नावाच्या प्रशियन लेफ्टनंटाने सैन्याला जो नकाशावरचा युद्धखेळ दिला, त्यात दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम पंचाला कळवत आणि पंच फासे व कोष्टके यांच्या साहाय्याने निकाल सांगे. पुढे कोष्टके इतकी बोजड वाटू लागली की १८७६ मध्ये व्हर्डी द्यू व्हर्न्वा या अधिकाऱ्याने ती बाजूला सारून सगळा निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवावा असे मांडले. मला मात्र त्याहूनही जवळचा वाटतो तो अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातला डेव्हिड वेझली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने नेपोलियनकालीन लढाईचा एक खेळ मांडला आणि गंमत म्हणून लढाईच्या आधी त्या गावातल्या एकेका माणसाची भूमिका एकेका खेळाडूला दिली. खेळाडू आपापल्या खटपटींत असे काही गुंतले की लढाई राहिलीच बाजूला. आपला खेळ पार फसला अशी वेझलीची समजूत झाली. खेळाडूंनी मात्र आणखी एकदा होऊ दे म्हणून त्याचा पिच्छा पुरवला. त्या मंडळींत डेव्ह आर्नसन होता, आणि त्याने गॅरी गायगॅक्सच्या साथीने १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आणले. पहिली आवृत्ती एक हजार पेट्यांची होती. म्हणजे ज्या दिवशी ठरवलेले झालेच नाही, त्या दिवसाच्या पोटी हा सगळा प्रपंच आहे. त्या दिवशी वेझलीला कोणी विचारले असते की खरे काय व्हायला हवे होते, तर त्याने बिचाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले असते: लढाई.

माझे आजोळ सिंधुदुर्गातले. तिथल्या जत्रांत दशावतार पाहत मी लहानाची मोठी झाले आणि हा खेळ चालवताना मला त्याची हटकून आठवण येते. लिखित संहिता नसते. आज कोणते आख्यान लावायचे, कोण कोणाच्या मागून येणार, एवढे तोंडे रंगवायच्या आधी आपसांत ठरते, आणि मग एका बाकड्याचे सिंहासन करून, पेटी-मृदंगाच्या साथीने, रात्रभर जे बोलले जाते ते तिथल्या तिथे सुचलेले असते. समोरचा राजा अनपेक्षित काही बोलला तर ऋषीला ते सावरून घ्यावे लागते, आणि ते सावरणे पाहण्यासाठीच जाणती माणसे थंडीत कुडकुडत बसतात. माझ्या खेळाची सगळी कला त्यात आहे असे मला फार दिवस वाटत असे. आता वाटते की ती तुलना अर्ध्यावर सुटते. दशावतारात शेवट सर्वांना ठाऊक असतो. राक्षस मरणारच असतो. कसा मरणार, किती बोलून मरणार, एवढेच मोकळे असते. म्हणूनच नटाला इतके मोकळे सुटता येते, आणि पाहणाऱ्यालाही डुलकी काढता येते. आमच्या टेबलावर तसला आधार नाही. राक्षसाशी मैत्री होऊ शकते, तो पळून जाऊ शकतो, किंवा, त्या रविवारी झाले तसे, पकडलेल्या गॉब्लिनला ताई पोह्यांऐवजी पिंपातले खारवलेले मांस खायला देऊन त्याच्या घरची चौकशी करू लागते आणि संध्याकाळचे सहा वाजतात.

त्या मुलाच्या प्रश्नात म्हणूनच तथ्य आहे. पुस्तकात पुढे काहीतरी आहे. झाडीतून निघणारी पायवाट आहे, ती जिथे जाते ती जागा आहे, तिथे कोण आहे हे लिहिलेले आहे. मी ते वाचले आहे आणि त्याला नाही म्हणणे हे अर्धसत्य होईल. त्याला ते सगळे सांगून टाकावे असेही एकदा मनात आले. पण ते सांगितले की त्या क्षणापासून घोड्यांचा खड्डा हे विषयांतर ठरणार, ताईचे फावडे ही चूक ठरणार, आणि त्या दुपारी जे खरोखर घडले ते न घडलेल्या गोष्टीशी ताडून पाहिले जाणार. न सांगावे, तर मी काहीतरी हातचे राखते आहे हा त्याचा संशय पक्का होणार. यूट्यूबवर कसलेल्या नटांचे खेळ पाहून आलेली मुले तर आणखीच अडचणीत असतात. त्यांना उत्तर तर हवे असतेच, वर ते आवाज बदलून, रंगवून द्यायचे असते. हा पेच शब्दांनी सुटेल असे मला वाटत नाही. तो माणूस दोन-चारदा खेळायला बसला, पुस्तकात नसलेली गोष्ट त्याने स्वतः केली आणि तिचे परिणाम त्याला पुढच्या खेळात समोर उभे दिसले, तरच काही होईल. तो लहान गॉब्लिन आता यांच्याबरोबर गाडीत बसून निघाला आहे. पुस्तकाला त्याची दखलही नाही. तो गावात शिरला की लोक काय म्हणतील, हे मला येत्या रविवारपर्यंत बसून ठरवायचे आहे, आणि हा विझर्ड त्याची बाजू घेतो की नाही ते मला पाहायचे आहे.

खरे सांगायचे तर नवख्यांविषयीच्या माझ्या या ओढीत थोडा स्वार्थही आहे. महिना-दोन महिन्यांत ही मंडळी शिकतील. कोणत्या मंत्राने किती नुकसान होते ते त्यांना पाठ होईल, गाडीतल्या यादीतली निरुपयोगी सामग्री कोणती हे कळेल, आणि मेलेले घोडे दिसताच तीही तलवारीला हात घालतील. तेव्हा ती अधिक चांगली खेळतील यात शंका नाही. लढाया झटपट होतील, मला कमी समजावून सांगावे लागेल. पण मला ताईचे फावडे हवे असते, आणि ते फार दिवस मिळत नाही. म्हणून मी पुन्हा नवी माणसे शोधते. याला शिकवणे म्हणावे की दुसऱ्याच्या अजाणतेपणावर जगणे म्हणावे, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

काकांनी मात्र परवा जिन्यात गाठून मला वेगळीच वर्दी दिली. मूळ नियम इंटरनेटवर फुकट मिळतात हे नातवाने त्यांना दाखवले, त्यांनी ते छापून बांधून घेतले, आणि आता दिवाळीच्या सुट्टीत नातवाला व त्याच्या मित्रांना ते स्वतः खेळ चालवून दाखवणार आहेत. साहस त्यांनीच रचले आहे. एक जुने धरण, त्याचे तीन दरवाजे, आणि आत अडकलेले काहीतरी. उभा छेद, आडवा छेद, पाण्याची पातळी तासागणिक कशी वाढेल याचे कोष्टक, आणि पोरे काय काय करू शकतील याची क्रमवार यादी, असे त्यांचे टिपण वहीच्या दोन्ही बाजू भरून वाहते आहे. मी म्हटले, काका, एक पान ठेवा, बाकीचे फाडून टाका. त्यांनी वही काखेत घट्ट धरली आणि म्हणाले, “तू ये खेळायला. मग बघू कोण काय फाडतं ते.” मी होकार दिला आहे. मी क्लेरिक घेणार आहे, आणि तिसऱ्या दरवाज्याजवळ ती काय करील याची मी आत्तापासून मुळीच कल्पना करत नाही असे काकांना सांगितले आहे. ते साफ खोटे आहे.